पाणीबाई

"माझ्यासमोर पी. पेला तसाच ठेवून जायचं नाही," सिस्टर म्हणाली.

काजवालीनं पेला उचलला, ओठांना लावला आणि खाली ठेवला. पाणी हललं, कमी झालं नाही. शर्टांच्या कारखान्यात काजांच्या मशीनवर बसणारी ही बाई. कापडाला भोक पाडायचं आणि त्याच्या कडा शिवून घ्यायच्या, वर्षानुवर्षं एवढंच. दिवसभर सुईकडे बघून बघून समोरच्या माणसाकडे बघायची तिची सवयच मोडली होती.

"आत्ता प्यायले तर सुट्टीपर्यंत दम निघायचा नाही," ती म्हणाली.

"मग उठून जायचं."

"तुमचं काय जातंय सांगायला." बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

सिस्टर रागावली नाही. रागवायला तोंड नव्हतं. टेबलाखाली ठेवलेल्या तिच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. ती घरून भरून आणली होती आणि अजून गळ्यापर्यंत भरलेलीच होती.

कारखान्यातल्या बायका आपल्या या नर्सला मागून पाणीबाई म्हणायच्या. डोकं दुखतंय, पाणी पी. चक्कर येतेय, पाणी पी. लघवीला आग होतेय, पाणी पी. पण हे तिसरं असं कुणी बोलायचं नाही. बायका येऊन 'तिकडं जरा त्रास आहे' म्हणायच्या आणि 'तिकडं' म्हणजे शेजारचं गाव असावं तशा खिडकीबाहेर बघायच्या. सिस्टर गोळ्या द्यायची आणि पाण्याचं सांगायची. बायका मान डोलवायच्या आणि कोरड्या तोंडानं मशीनवर जाऊन बसायच्या.

कारण जायचं कसं? बायकांचा संडास हॉलच्या अगदी टोकाला. तिथवर जायचं तर कटिंगच्या लांबलचक टेबलाच्या कडेकडेनं जावं लागे, आणि टेबलाशी ओळीनं पुरुष उभे. जाणारी कुठं चाललीय हे सगळ्यांना कळायचं, आणि किती वेळ लागला हेही. दाराला आतून कडी नव्हती. पूर्वी होती. बायका आत जाऊन मोबाईल बघत बसतात म्हणून सुपरवायझरनं ती काढून घेतली. मग बायका जोडीनं जायला लागल्या. एक आत, दुसरी बाहेरून दाराला पाठ लावून. त्यावर जोडीनं जायला बंदी आली, माल कमी निघतो म्हणून. शेवटी बायकांनी आपला तोडगा काढला. पाणीच प्यायचं नाही. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

हे काही त्या कारखान्यात शिकल्या नव्हत्या. 'बाहेर जायचंय ना, मग घोटभरच पी,' असं प्रत्येकीच्या आईनं तिला लहानपणीच सांगून ठेवलेलं असतं. सिस्टरच्या आईनंही सांगितलं होतं. पुढे तिनं नर्सिंगच्या वहीत मूत्रपिंडाची आकृती इतकी सुरेख काढली की बाईंनी ती सगळ्या वर्गाला दाखवली. आईचं वाक्य मात्र त्या आकृतीच्याही खाली जाऊन बसलेलं होतं, ते काही हललं नाही.

आणि चुकून जावंच लागलं, तर आत गेल्यावर प्रत्येक बाई आधी नळ सोडायची. मुतल्याचा आवाज कटिंगच्या टेबलापर्यंत जाऊ नये म्हणून. लाज वाटायला हवी होती कडी काढणाऱ्याला. वाटत होती मुतणारीला.

काजवालीची गोष्ट आणखी नाजूक होती. तिला पाचवा महिना सरत आला होता. लग्नाला बरीच वर्षं झालेली, आधीचे दोन राहिले नाहीत, हा राहिला होता. कारखान्यात हे एकट्या सिस्टरला ठाऊक होतं. ठेकेदार पोटुशा बाईला शिवीगाळ करून काढत नसे. 'घरी आराम कर, मोकळी झालीस की ये,' असं मायेनं म्हणायचा. मोकळी होऊन आलेल्या बाईला तिच्या जागेवर दुसरी बसलेली दिसायची. काजवालीचा नवरा मिळेल ते काम करायचा, म्हणजे बहुतेक दिवस काहीच करायचा नाही. चूल तिच्या मशीनवर पेटत होती. म्हणून ती ढगळ कपडे घालून यायची, मशीनला पोट चिकटवून बसायची आणि उठायची नाही. सारखी उठली असती तर बायकांनी दोन दिवसांत ओळखलं असतं.

पोटुशी बाई आढळली की ऑफिसात कळवायचं, असा सिस्टरला हुकूम होता. तिनं कळवलं नाही.

काजवालीला बारीक ताप येऊ लागला. कंबर एका बाजूनं ठणकायची. सिस्टरनं तिला तपासणीसाठी छोटी बाटली दिली. ती बाटली तिनं कापडाच्या चिंधीत गुंडाळून, पदराखाली धरून, त्या टेबलाच्या कडेनं नेली आणि तशीच कोरडी परत आणली. म्हणाली, उतरलीच नाही. सिस्टरनं तिला सरकारी दवाखान्यात धाडलं. तिथं गोळ्या मिळाल्या आणि भरपूर पाणी पिण्याचा सल्ला मिळाला. ताप उतरला. गोळ्या संपल्या. ताप परत आला.

तेव्हा सिस्टर सुपरवायझरकडे गेली. माणूस राक्षस नव्हता. राक्षस असता तर सोपं झालं असतं. त्याच्या डोक्यावर मालाचा आकडा होता आणि आकड्याच्या वर साहेब होता. सिस्टरनं आधी कडीचं विचारलं. त्यानं वर कळवलंय म्हणून सांगितलं. हे उत्तर तिला पाठ होतं. मग तिनं निदान काजवालीला हवं तेव्हा उठू द्या म्हणून सांगितलं.

"कारण सांगा, सोडतो," तो म्हणाला. "कारणाशिवाय एकीला सोडलं, तर उद्या सगळ्यांना लागेल."

"सगळ्यांना लागतेच," सिस्टर म्हणाली.

तो हसला आणि कारणाची वाट बघत उभा राहिला. खरं कारण सांगितलं तर बाईचं काम गेलं. लघवीचा आजार सांगावा, तर तो दुपारपर्यंत कटिंगच्या टेबलावर कापला जाणार आणि संध्याकाळी तिच्या नवऱ्याच्या कानावर भलताच होऊन पोचणार. त्या जागी झालेल्या कुठल्याही आजाराचा अर्थ लोक एकच लावतात.

"तिला शुगर आहे," सिस्टर म्हणाली.

सुपरवायझरचा चेहरा एकदम मऊ पडला. त्याच्या वडिलांना शुगर होती. शुगर म्हणजे घरंदाज दुखणं, साहेबांनाही होतं. चारचौघांत मान वर करून सांगता येतं. जाऊ दे तिला हवं तेव्हा, तो म्हणाला. वर, इतर बायकांनी कुरकुर करू नये म्हणून त्यानं हॉलमध्ये उभं राहून सगळ्यांना तसं सांगूनही टाकलं. इस्त्रीवाली तिथंच उभी होती. तिची खोली काजवालीच्या खोलीला लागून होती.

सिस्टरला त्या दिवशी बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या कारखान्यात तिच्या शब्दानं काही हललं असेल तर ते हेच. तिनं काजवालीला बोलावून हळू आवाजात सगळं सांगितलं. काजवालीनं तिच्यासमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी काजवाली उठली तशी टेबलाकडून हाक आली, "निघाली रे गोडबाई." तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं की मागं मुंग्या लागतील, जपून. कात्र्या थांबल्या, सगळे हसले, कात्र्या चालू झाल्या. त्यानंतर काजवाली उठायची राहिली.

पाणी पितेस ना, सिस्टर विचारायची. पिते की, ती म्हणायची. सिस्टर विश्वास ठेवायची, कारण न ठेवून ती करणार काय होती?

पुढं एका सकाळी काजवाली मशीनवरच हुडहुडी भरून थरथरायला लागली. मशीनचा आवाज आणि तिच्या दातांचा आवाज वेगळा काढता येईना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत मूल गेलं. मुलगी होती. ताप मूत्रपिंडातून अंगभर पसरला होता. डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणीच नाही, ही बाई वाळवंटातून आली का?

कारखाना सुटल्यावर सिस्टर तिथं गेली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर काजवालीची सासू बसली होती. सुकलेली, टापटीप म्हातारी. सिस्टरनं कारखान्यातून आल्याचं सांगताच ती उठून उभी राहिली आणि तिनं सिस्टरचे दोन्ही हात धरले.

"तुमचे उपकार आहेत, सिस्टरबाई. तुमच्यामुळं निदान कळलं तरी. ही तर कबूलच करत नव्हती. मला काही झालेलं नाही, सिस्टर माझ्यासाठी उगाच बोलल्या, म्हणायची. मी म्हटलं, एवढी शिकलेली बाई खोटं कशाला बोलेल?"

सुपरवायझरनं हॉलमध्ये सांगितलं त्याच संध्याकाळी इस्त्रीवालीनं ते काजवालीच्या घरी पोचवलं होतं. म्हातारीचं धाबं दणाणलं होतं. तिनं काय काय केलं ते ती एकेक करून सांगत गेली. सुनेचा भात बंद केला. चहा बंद केला. लांबून कडू पाला आणून, उकळून, गाळून रोज सकाळी दिला. सुनेच्या वाटचं काम स्वतः केलं. सिस्टर ऐकत होती आणि अजून तिला कळलेलं नव्हतं.

"आणि पाणी तोडलं," सासू म्हणाली.

"पाणी?"

"माझ्या भावाला होती ना शुगर. घागरीच्या घागरी रिचवायचा आणि सारखा पळायचा. पाण्यावरच पोसतो हो तो रोग. मग मी पिंपाजवळच अंथरूण घातलं. सकाळी अर्धा पेला, निजताना अर्धा पेला. रडायची, हातापाया पडायची. पण घोटभरसुद्धा जास्त नाही दिला मी."

कामाला लागलेली नवी मुलगी पहिला शर्ट शिवून दाखवताना जशी बघते, तशी ती सिस्टरकडे बघत होती. नीट झालंय ना, असं.

सिस्टरच्या तोंडात वाक्य तयार होतं. तिला शुगर नव्हती. एवढंच. म्हातारीच्या काखेत एक गाठोडं होतं. त्याच्या सैल गाठीतून जुन्या साडीची मऊ दुपटी दिसत होती. घरून निघताना घाईत उचलून आणलेली. लागतील म्हणून.

"आता तिला पाणी द्या," सिस्टर म्हणाली. "मागेल तेवढं."

"आणि शुगर?"

"ती गेली."

"गेली?"

"पोटात मूल असताना येते कधीकधी. मूल गेलं की जाते."

म्हातारी खाली बसली आणि गाठोड्याची गाठ घट्ट करत म्हणाली, "तेवढं तरी बरं झालं म्हणायचं."

आत काजवाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाटलीतलं पाणी नळीतून थेंबाथेंबानं तिच्या हातात उतरत होतं. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी टांगलेली. समोरच्या खाटेजवळ दोन पुरुष बोलत उभे होते. काजवालीच्या अंगात कूस बदलायचं बळ नव्हतं, पण चादरीचं टोक ओढून तिनं ती पिशवी झाकली होती. पुन्हा पुन्हा टोक घसरत होतं, पुन्हा पुन्हा ती ओढत होती. सिस्टरनं चादर पिशवीखाली नीट खोचली.

का नाही सांगितलंस, तिनं विचारलं.

"कसं सांगायचं? तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात," काजवाली भिंतीशीच बोलली. "आणि घरी त्या माझ्या भल्यासाठी करत होत्या. तक्रार कुणाची करू?"



काजवाली पुन्हा कामावर आली तेव्हा तिचे ढगळ कपडे आणखीनच ढगळ झाले होते. कारखान्याच्या लेखी तिला अजून शुगर होती. ते कुणी खोडलं नाही, सिस्टरनंही नाही. सगळं जाऊन एवढी एक सवलत हाती उरली होती. सुपरवायझरनं नुसत्या मानेनंच तिला जा म्हणून खुणावलं. ती टेबलाच्या कडेनं निघाली. या वेळी कुणी हाक मारली नाही. कात्र्या चालत राहिल्या.

सिस्टरनं आपल्या खोलीच्या दारातून ते पाहिलं. तिनं हातातली पट्टी खाली ठेवली आणि ती हॉलमधून, सगळ्या मशिनींच्या मधून, कटिंगच्या टेबलाच्या कडेनं चालत गेली. काजवाली आत गेली. सिस्टरनं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून, हॉलकडे तोंड करून उभी राहिली.

आत नळ सोडल्याचा आवाज आला.

नळ वाहत राहिला. एका बाईला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ. त्या आवाजाखाली दुसरा, दाबलेल्या हुंदक्यांचा आवाज होता, तो फक्त दाराला टेकलेल्या पाठीला कळत होता. इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून ठेवली. काही बायकांनी मान वर केली आणि परत खाली घातली.

सुपरवायझर लगबगीनं आला. "कोण आहे आत? नळ बंद करायला सांगा. पाणी वाया चाललंय."

सिस्टर हलली नाही.