सवरनची कड

“तुम्ही आमच्या घराला चोर ठरवलंय,” उमाकांत म्हणाला, आणि नाण्याच्या डबीवरची पांढरी चिठ्ठी नखाने सोलून त्याने परीक्षकांच्या टेबलावर, त्यांच्या कॉफीच्या टंबलरशेजारी, चिकटवली. “हे शब्द परत घ्या. नाहीतर माझ्या तोंडावर वाचून दाखवा.”

चिठ्ठीवर लिहिलं होतं: कड कानशीने घासलेली. वजन कमी. दर्जा नाही.

नुंगंबाक्कमच्या त्या थंडगार हॉलमध्ये भिंतीकडेने मांडलेल्या काचेच्या पेट्यांवर वाकलेली माणसं सरळ झाली. दर वर्षी जुन्या ब्रिटिश नाण्यांचं प्रदर्शन भरतं, दर वर्षी कुणी ना कुणी चिडतं. पण चिडणारा उमाकांत नसतो. लोक विकत घेण्याआधी नाणी ज्याला दाखवायला आणतात तो उमाकांत. भिंगातून एकदा बघून ‘धुतलंय’ एवढंच म्हणणारा, आणि समोरच्याचा चेहरा पडला तरी शब्द मागे न घेणारा.

परीक्षक तिघे होते. बोलत होता तो मधला, सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेला.

“सार, चिडू नका,” तो तमिळमध्ये म्हणाला, लहान मुलाला समजवावं तसा. “तुमच्याच अर्जात तुम्ही लिहिलंय, चार पिढ्या हे नाणं घराबाहेर गेलेलं नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“मग बाहेरच्या कुणी कानस कशी मारली असेल?”

मागे कुणीतरी हसलं. दबून, पण हसलं.

“जुन्या काळी लोक करायचेच,” परीक्षक म्हणाला. “सोन्याची पूड काढायची, नाणं जपून ठेवायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त दर्जा देता येत नाही. राणीचा चेहरा मात्र अप्रतिम आहे हं. असा चेहरा मी फार कमी पाहिलाय.”

उमाकांतने डबी उचलली. ती खिशात घालून तो दाराकडे वळला.

ते सवरन होतं, म्हणजे इंग्रजी सॉव्हरिन, सोन्याचं, अठराशे बहात्तरचं. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला ढाल. ब्रिटिश गेले, पण या शहरात सोनं आजही सवरनावरच मोजतात. रस्त्यावरचा रिक्षावालाही भाव विचारतो तो सवरनचा. मात्र खरं सवरन फार थोड्या घरांत उरलंय. उमाकांतचे पणजोबा दत्तोपंत तंजावरहून मद्रासला आले तेव्हा त्यांच्या कनवटीला हे एकच नाणं होतं. पुढे उमाकांतच्या वडिलांची नोकरी गेली, तेव्हा घरातली तांब्याची भांडी गेली, अम्माच्या पाटल्या गेल्या, सायकल गेली. नाणं गेलं नाही. ज्या घराने उपाशी राहून ते विकलं नाही, त्या घराने ते चोरून घासलं, असं आता तीन माणसं टाय लावून सांगत होती.

दारापर्यंत गुरुमूर्ती मागोमाग आला. तो मंडळाचा चिटणीस आणि उमाकांतचा जुना मित्र.

“विसर ना रे. उद्या शेवटचा दिवस आहे. तुझा तो हाफ क्राउन आण, मी पेटीत जागा करून देतो. फर्स्ट क्लास नाणं आहे.”

“दुसरं नाणं ठेवलं म्हणजे चिठ्ठीवरचं खरं झालं.”

“मग काय करणार? पणजोबांना साक्षीला बोलावणार?”

उमाकांत तसाच बाहेर पडला.  कडेवर एके ठिकाणी उभ्या रेघा पुसट झाल्यात, तिथे बोट सपाट लागतं, हे त्याला कितीतरी वर्षं ठाऊक होतं. कापडी पिशवीत घासलं असेल, म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. लोकांची नाणी तो चहूबाजूंनी फिरवून बघे. घरच्याचं तेवढं तोंड बघत आला होता.

बसमध्ये खिडकीशी बसून तो एकच गोष्ट घोकत राहिला. कुणी घासलं? आजोबांनी? वडिलांनी? नोकरी गेली त्या वर्षी? अम्मा झोपली असताना? वडिलांचा चेहरा आठवायला गेलं की हातात कानस दिसे. अवडीच्या रणगाडा कारखान्यात उमाकांतने अख्खी नोकरी तपासणी खात्यात काढली होती. कानस मारून मापात बसवलेला भाग त्याच्या हातून कधी सुटला नव्हता. आता तेच हात खिशातली डबी दाबून बसले होते.

तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत शिरला तेव्हा मॅन्शन म्हणवणाऱ्या लॉजमधली पोरं गॅलरीत लुंग्या वाळत घालत होती. घराचं दार उघडंच होतं. एक चप्पल काढली, दुसरी काढायची राहिली, आणि तो तसाच उंबऱ्यात थांबला.

त्याची बायको सरोजिनी स्वयंपाकघराच्या दाराशी मांडी घालून बसली होती. पुढ्यात दगडी सहाण. हातातली सोन्याची बांगडी तिने उतरवली होती आणि ती उभी धरून, कडेने, थेंबभर दुधात ती गोल गोल उगाळत होती.

“काय करतेस?”

“दिसत नाही? बाळीला उरमरुंदु, उगाळलेली गुटी. जायफळ झालं, वेखंड झालं, आता सोनं. मध द्यायचा नाही म्हणाली डॉक्टर, म्हणून ऊर्मीच्या दुधात.” तिने वर पाहिलं नाही. “चप्पल काढा ती. बाळंतीण आहे घरात.”

“बांगडी कशाला घेतलीस?”

“मग काय करू? उगाळायचं सोनं तुम्ही प्रदर्शनात नेऊन ठेवलंत.”

“उगाळायचं सोनं म्हणजे?”

आता तिने वर पाहिलं. एवढं शिकलेल्या माणसाला हे कसं ठाऊक नाही, असं.

“तेच. राणीचं. सासूबाईंनी ऊर्मीला तेच उगाळलं. त्याआधी तुमच्या बहिणीला, तुम्हाला. त्याही आधी त्यांच्या सासूबाईंनी तुमच्या वडिलांना. या घरात जन्मलेल्या अस्क्यांना, एकूणएकांना. दुसरं सोनं होतं कुठे तुमच्याकडे?”

उमाकांतने दुसरी चप्पल काढली. खिशातलं भिंग काढलं. तिच्यासमोर जमिनीवर बसला, गुडघे कुरकुरले, आणि ओली बांगडी तिच्या हातातून घेऊन त्याने उजेडाकडे धरली.

कानस सरळ रेघा ओढते. कितीही बारीक असो, एकीशेजारी एक, फणीच्या दातांसारख्या. बांगडीच्या कडेवर एकही सरळ रेघ नव्हती. बारीक बारीक कमानी होत्या, एकीवर दुसरी चढलेली, आणि त्यांवर मऊ झळाळी, नदीतल्या गोट्यावर असते तशी. मग त्याने डबी उघडून नाणं बाहेर काढलं. हातमोजे घालायचे राहिले. ज्या सपाट जागेला त्याने कधी भिंग लावलं नव्हतं, तिथे लावलं.

तिथेही त्याच कमानी होत्या.

“मला कुणी कधी सांगितलं नाही,” तो म्हणाला.

“तुम्ही कधी विचारलंत? बाळंतिणीच्या खोलीत या घरातल्या पुरुषांनी डोकावलंय कधी? तुमचं आपलं राणीचं तोंड बघायचं, ढाल बघायची, कपाटाला कुलूप लावायचं.”

आतून ऊर्मीचा आवाज आला. “अप्पा, म्हणजे मी पण खाल्लीय व्हिक्टोरिया?”

“चिमूटभर,” सरोजिनी म्हणाली. “तुझ्या अप्पांनी जास्त. लहानपणी सारखे आजारी असायचे, सासूबाई रोज उगाळायच्या. म्हणून तर एवढा तोरा.”

ऊर्मी हसली, तशी बाळ कुरकुरलं. उमाकांत हसला नाही. त्याने तळहातावर नाणं तोललं. कारखान्यातल्या सवयीने त्याचा हात वजन बरोबर सांगायचा, आणि आताही तो सांगत होता की वजन कमी आहे. बसमध्ये येताना याच कमीपणाने त्याला मान खाली घालायला लावली होती. आता तो ताठ बसला.

“त्यांनी लिहिलंय की आपण कानशीने घासलं. सोनं चोरायला.”

सरोजिनीने मान वर केली. “कुणी लिहिलं?”

“परीक्षकांनी.”

“त्यांना आया नाहीत?” एवढंच म्हणाली ती. मग पदराला हात पुसून तिने तळवा पुढे केला. “आणा इकडे. आता आलंच आहे घरी, तर याचंच देऊ.”

उमाकांतची मूठ मिटली. आज पुन्हा दगड लागला तर कडेवर ताजी खूण दिसणार. उद्या मंडळाने फेरतपासणी केली, एखादा भला माणूस ‘जुनी झीज’ म्हणायला तयार झाला, तरी ताज्या खुणेपुढे त्याची बोलती बंद. एवढ्या वर्षांत त्याने नाण्यावर श्वाससुद्धा पडू दिला नव्हता. घाम लागेल म्हणून पाहुण्यांच्या हातात दिलं नव्हतं.

“उद्या त्यांना दिसेल,” तो म्हणाला.

“दिसू दे.”

त्याने मूठ उघडली, पण नाणं तिला दिलं नाही. सहाण स्वतःकडे ओढली.

“मला दाखव. कसं धरायचं?”

सरोजिनीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग सरकून जवळ बसली. “असं. उभं. जिथे घासलंय तिथेच लावा, नवीन जागा धरायची नाही. आणि आडवं पडू देऊ नका. सासूबाई फार ओरडायच्या त्यावर. राणीच्या तोंडाला दगड लागता कामा नये, म्हणायच्या. पाहुणी आहे ती, तिचा चेहरा जपा.”

उमाकांतचा हात तिथेच थबकला. असा चेहरा मी फार कमी पाहिलाय, तो चष्मेवाला म्हणाला होता. तो चेहरा कपाटाच्या कुलपाने राखला नव्हता.

मग त्याने उगाळायला सुरुवात केली. सपाट जागा सहाणेच्या खोलगट भागात अशी बसली, जशी जन्मापासून तिथलीच असावी. दुधात बारीकशी पिवळी झाक उतरली. सरोजिनीने ती बोटावर घेतली आणि आत गेली. तो नाणं न पुसता हातात धरून बसून राहिला, आणि बाळाच्या चाटण्याचा आवाज ऐकत राहिला.

सकाळी त्याने सहाण जुन्या पंच्यात गुंडाळली.

“अप्पा, दगड घेऊन बसने जाणार?” ऊर्मी म्हणाली. “फोटो काढून न्या ना.”

“फोटोला वजन नसतं.”

बसमध्ये कंडक्टरने मांडीवरच्या गाठोड्यावर टिचकी मारली. “काय सार, अम्मांचं किचन पळवताय?”

“नाही,” उमाकांत म्हणाला. “आमच्या घराची टांकसाळ आहे.”

हॉलमध्ये बक्षिसांची तयारी चालली होती. गुरुमूर्तीने गाठोडं पाहिलं, दोन्ही हात जोडले, तमिळमध्ये पुटपुटला, “अय्यय्यो, आज नको.” उमाकांत त्याला ओलांडून थेट परीक्षकांच्या टेबलाशी गेला आणि पंचा सोडून सहाण त्यांच्या कागदांवर ठेवली. टेबल हललं. मग नाणं डबीतून काढून, बोटांत धरून, त्याने मधल्या परीक्षकासमोर ठेवलं.

“भिंग लावा. कडेला.”

परीक्षकाने सुस्कारा टाकला आणि भिंग लावलं. मान वर आली तेव्हा कपाळाला आठी होती.

“सार, हे तर ताजं आहे.”

“काल संध्याकाळचं. माझ्या नातीचं. त्याखालचं माझ्या मुलीचं, त्याच्या खालचं माझं. सरळ रेघ दाखवा एक. एक दाखवलीत तर मी नाणं इथे सोडून जाईन.”

परीक्षकाने पुन्हा पाहिलं. शेजारच्याकडे भिंग दिलं. त्यानेही पाहिलं. तिसऱ्याने सहाणेच्या खळग्यात अंगठा फिरवला आणि पटकन हात मागे घेतला.

“कानस नसेलही,” मधला सावकाश म्हणाला. “पण झीज ती झीजच. नियमात दोनच खाती आहेत, वापराने झिजलेलं आणि मुद्दाम इजा केलेलं. हे मुद्दाम केलंय. तुम्ही स्वतः सांगताय. यासाठी आमच्याकडे शब्द नाही.”

“कालपर्यंत होता. चोर.”

पेट्यांवर वाकलेले लोक जवळ सरकले होते. गुरुमूर्तीही आला होता. तो सहाणेकडे बघत होता, आणि त्याच्या ओठांचे कोपरे हलत होते, जशी काही जुनी चव आठवावी.

उमाकांतने दोन्ही तळवे टेबलावर टेकले. आवाज चढवला नाही.

“तुम्ही याच शहरात जन्मलात. मैलापूरला असाल, मांबळमला असाल. तुम्हालाही कुणीतरी मांडीवर घेऊन सोनं चाटवलंय. कुठल्या नाण्याचं, कुठल्या दागिन्याचं, ते तुम्हाला ठाऊक नाही. मलाही कालपर्यंत नव्हतं. तुमच्या पोटात गेलेलं ते सोनं कुठल्या खात्यात लिहिणार? वापर की इजा? आणि ज्या बाईने ते उगाळलं, तिला काय म्हणणार?”

परीक्षकाने चष्मा काढला.

“मी घाईत नाही,” उमाकांत म्हणाला. “बोला.”