मनगटाखालचा हात

दुकानात त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. खिडकीची काच चौकटीपेक्षा किती कमी कापायची यावरून तो गिऱ्हाइकाशीही वाद घालायचा, आणि शेवटी त्याचंच खरं ठरायचं. टेप लावायचा, मान जराशी तिरपी करायचा, कागदाला पेन्सिल न टेकवता पाव-अर्धा-पाऊण मनातल्या मनात जुळवायचा आणि काचेवर कटरची रेघ ओढायचा. टक् करून काच दुभंगायची ती नेमकी हवी तिथेच. त्याच्या बायकोचा आणि गणिताचा मात्र लहानपणापासून छत्तीसचा आकडा. तिची शाळा सुटली ती अपूर्णांकांच्या धड्यावर, आणि सुटली याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. घरात एक माणूस आकडेवाला असला की बास झालं, असं ती म्हणायची.

एका सकाळी दाढी करता करता तो बेसिनपाशीच कोसळला. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, बोलणं हळूहळू परत आलं, पाय ओढत का होईना पण तो चालायला लागला. उजव्या हाताला कंप राहिला. परत आले नाहीत ते आकडे. सात मोठे की आठ, ते त्याला सांगता येईना. भिंतीवरच्या घड्याळाकडे तो दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसा बघायचा. बुटाचा नंबर विचारला तर त्याने गंभीरपणे "काळा" असं सांगितलं. तिला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून ते घशातच राहिलं.

इस्पितळातली थेरपिस्ट तरुण होती, कायम घाईत, पण मनाने चांगली. तिने टॅबवर एक पुस्तक सुरू करून दिलं. इंटरनेटवरचं, मुळात शाळकरी मुलांसाठी केलेलं गणिताचं पुस्तक. त्याची पानं नुसती वाचायची नव्हती. बोटाने पुढे-मागे सरकवायची संख्यारेषा होती, तुकडे करून वाटायची वर्तुळं होती, वजन टाकलं की झुकणारा तराजू होता. उत्तर बरोबर आलं की चौकट हिरवी व्हायची. चुकलं की लाल होऊन थरथरायची. लागोपाठ चुकत गेलं की पुस्तक आपणहून एक पायरी खाली उतरायचं, आणि कोण किती चढलं-उतरलं त्याचा आलेख थेट थेरपिस्टकडे जायचा. रोज बसवा, कंटाळा करू नका, असं तिने बजावलं. मेंदू नव्या वाटा शोधतो तो याच पहिल्या काही महिन्यांत. नंतर वाटा मिळतात, पण फार कमी.

धाकट्या दिराने टॅबवर नाव घालताना गंमत म्हणून 'मिलिमीटर' असंच घातलं. वातावरण हलकं करायचा त्याचा स्वभाव.

गंमत फार दिवस टिकली नाही. पुस्तकाने त्याला चौथीच्या पातळीवरून सुरू केलं आणि रोज थोडं थोडं खाली आणलं. तिसरी, दुसरी, आणि मग तळ्यातली बदकं मोजायचा धडा. ज्या माणसाने आख्ख्या इमारतींच्या काचा बसवल्या तो पिवळ्या बदकांवर कापरं बोट ठेवून एक, दोन, पाच म्हणत होता. चौकट लाल होऊन थरथरली. त्याने टॅब पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही, दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही. ताट परत नेताना तिला वाटलं, झटक्यातून वाचलेला माणूस या बदकांच्या पायी हातचा जाणार.

नंतर तो पुन्हा बसला तेव्हा त्याचं बोट पाच आणि सहाच्या मध्ये लटलटत होतं. तिने आधार म्हणून त्याच्या मनगटाखाली आपला तळवा धरला. ठरवून असं तिने काही केलं नाही. तळवा किंचित उजवीकडे कलला, एवढंच. चौकट हिरवी झाली. 'शाब्बास, मिलिमीटर!' अशी अक्षरं उमटली.

"आलं," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे सरळ झाले होते.

आजच्यापुरतं, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. पुढे सांगायचीही गरज राहिली नाही. तो टॅबपुढे बसला की ती बाजूला स्टूल ओढायची आणि मनगट तिच्या तळव्यात यायचं. ढकलावं लागत नसे. चालत्या माणसाला कोपराशी धरून वळवावं तितकंच. पुस्तक पुन्हा वर चढायला लागलं. बदकं मागे पडली, हातच्याच्या बेरजा आल्या, भागाकार आले. आणि मग जिथे तिची शाळा सुटली होती तेच अपूर्णांक समोर येऊन उभे राहिले.

आता तिचीच पंचाईत झाली. म्हणून दुपारी तो झोपला की ती स्वयंपाकघरात बसून तेच पुस्तक दुसऱ्या नावाने उघडायची. गुणल्यावर संख्या लहान कशी होते यावर विश्वास बसत नाही म्हणून शाळेत तिने छड्या खाल्ल्या होत्या. इथे तिने वर्तुळाचा अर्धा भाग घेतला, त्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा घेतला, आणि बोटाखाली पाव उरलेला तिला दिसला. एवढंच होतं होय ते! पुस्तक वैतागत नव्हतं, उसासे टाकत नव्हतं, दहादा चुकलं तरी अकराव्यांदा तितक्याच शांतपणे वाट बघत होतं. ती गुणोत्तरांपर्यंत गेली. शून्याच्या डावीकडेही संख्या असतात हे कळलं तेव्हा ती बराच वेळ ती रेघ मागे-पुढे सरकवत बसली. शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी तिला पत्ता नव्हता. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. आणि आतल्या खोलीतून त्याच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला की चोरी पकडल्यासारखी ती टॅब बंद करायची.

त्याची तब्येत सुधारली, यात खोटं काही नव्हतं. तो जेवायला लागला, भावाची थट्टा करायला लागला, दुकानात कधी जायचं ते विचारायला लागला. फक्त तिघांसाठी ताटं घे म्हटलं की तो हाताला येतील तेवढी उचलून आणायचा. जास्तीची ताटं ती गुपचूप परत ठेवायची. झाकली मूठ झाकलेली बरी.

तपासणीच्या दिवशी तिची पाचावर धारण बसली होती. थेरपिस्टने आलेख बघितला, कौतुक केलं आणि आपल्यासमोर त्याला थोडी गणितं सोडवायला सांगितली. त्याने सवयीने हात पुढे केला, आणि मनगट तिच्या तळव्यावर येऊन टेकलं. हात कापतो म्हणून आधार लागतो, असं ती म्हणाली. थेरपिस्टने मान डोलावली. बाहेर बाकांवर माणसं खोळंबली होती. हिला कळावं, हिने माझा हात बाजूला करावा, असं एकीकडे तिला वाटत होतं; दुसरीकडे तळवा आपलं काम करत होता. सगळ्या चौकटी हिरव्या झाल्या.

थेरपिस्टने हसत हसत फाइल बंद केली. या पातळीला पोचलेल्या रुग्णाचे उपचार संपतात आणि त्याची वेळ रांगेतल्या पुढच्याला मिळते, असा तिथला नियम होता. हे त्याच्या बायकोला आधी कोणी सांगितलं नव्हतं. त्याने थेरपिस्टचे हात हातात घेऊन आभार मानले. ती मात्र गप्प राहिली. तिथे बोलली असती तर अजून काही वाचलं असतं, हे तिला नंतर कळलं.

पुढच्याच आठवड्यात दीर त्याला दुकानात घेऊन गेला. तीही गेली, सोडवेना. एका दुकानाच्या दर्शनी भागाची मोठी काच कापायची होती. कामगारांनी टेबल पुसून ठेवलं होतं. त्याने टेप लावला, पूर्वीसारखीच मान तिरपी केली, आणि एक आकडा म्हणाला. टेपवरच्या मापाशी त्याचा काही संबंध नव्हता. दिराला ते दिसलं, पण दादा आजवर कधी चुकला नव्हता. काहीतरी हिशेब असेल म्हणून तो थांबला. कटर फिरला. काच दुभंगली ती भलत्याच ठिकाणी. त्याने उरलेल्या तुकड्यावर पुन्हा टेप लावला, पुन्हा आकडा म्हणाला, पुन्हा कापली. मग त्याहून लहान तुकडा घेतला. त्याने मान वर करून सगळ्यांचे चेहरे बघितले, तेव्हा त्याला कळलं. हातातली काचेची चिंचोळी पट्टी तळव्यात रुतली होती आणि टेबलावर रक्त ओघळत होतं.

"दादा, राहू दे," दीर म्हणाला.

घरी आल्यावर ती त्याच्या हाताला पट्टी बांधत होती. तो तिच्या बोटांकडे बघत होता.

"ती उत्तरं तू देत होतीस?"

काहीतरी सारवासारव करता आली असती. ती "हो" म्हणाली.

"सगळी?"

"बदकांनंतरची सगळी. अहो, तुम्ही जेवत नव्हता. मला दुसरं काही सुचलं नाही."

त्याने नजर तिच्या बोटांवरून काढली. मग म्हणाला, "मला वाटायचं, मीच देतोय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता. तिने पट्टीची गाठ मारली आणि हात सोडला.

ती एकटीच इस्पितळात गेली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. थेरपिस्ट खुर्चीत मागे रेलून ऐकत राहिली. तुमचा हात मी उचलून बघायला हवा होता, एवढंच ती म्हणाली. त्याची वेळ दुसऱ्याला देऊन झाली होती आणि रांग लांब होती. नाव पुन्हा लावता येईल, पण तोवर ते पहिले महिने सरलेले असतील. त्यांचं काय, असं तिने विचारलंही नाही. ते कुठे गेले ते तिलाच तर माहीत होतं.

त्याने पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. खोलीचं दार लावून, एकट्याने. कंप असलेला हात टेबलावर दाबून धरायचा आणि डाव्या हाताने उत्तर द्यायचा. तिला आत येऊ देत नसे. एरवी तो तिच्याशी नीट बोलायचा, स्वयंपाकाला नावं ठेवायचा, पण रस्ता ओलांडताना तिने हात पुढे केला तर आपला हात खिशात घालायचा. तिने पुन्हा नाव लावलं होतं, पण इस्पितळातून बोलावणं आलं तोवर वर्ष उलटत आलं होतं. त्याला घड्याळाचे पूर्ण तास कळायला लागले, बोटांवरच्या बेरजा जमायला लागल्या. तिथेच गाडी थांबली. नव्या थेरपिस्टने दोघांना समोर बसवून सांगितलं की आता याच्यापुढे फारशी आशा धरू नका.

दुकानात मापं घेताना दिराच्या नाकी नऊ येत होते. झालेला प्रकार त्यालाही कळला होता; एक दिवस तो चाचरत म्हणाला, "वहिनी, तुम्हाला आता ते अपूर्णांक येतात ना?" तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. "जा की," तो म्हणाला.

ती जायला लागली. खिडक्या, दरवाजे, आरसे. मापं चोख यायची, आणि कोणी वाखाणली की ती विषय बदलायची. दुकानातलं घरी बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण एका संध्याकाळी ती चपला काढत असताना त्याने विचारलं, आज कुठे गेली होतीस. एका जिन्याची काच होती, तिरपी, असं तिने सांगितलं.

"माप किती आलं?"

तिने कुठलाही आकडा सांगितला असता तरी त्याला कळणार नव्हतं. तिने पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला आणि चारी बाजूंची मापं होती तशी, एकेक करून वाचून दाखवली. त्याने मान तिरपी करून ऐकली. वाचून संपल्यावर तो म्हणाला, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितली.