उजळ केलेला फोटो

"अप्पा, हा फोटो कुनी टाकलाय?"

रुचिकानं घडी केलेला कागद उलगडून गल्ल्यापाशी ठेवला, तेव्हा भीमाशंकर अप्पा एका गिऱ्हाइकाला बैलाचा कासरा मोजून देत होते. दोन्ही हात फाकवून छातीवर ताणलेला दोर तसाच राहिला. लग्न होऊन साडेतीन वर्षं झालेली लेक अंबाजोगाईहून एकटी, काही न कळवता, भर दुपारी केजच्या दुकानात येऊन उभी होती. हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती.

अप्पांनी कागदाकडे पाहिलं. कॉम्प्युटरवरून काढलेला काळापांढरा कागद. वरच्या अर्ध्या भागात रुचिकाचा फोटो, खाली इंग्रजी मजकूर. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण फोटो त्यांनी लगेच ओळखला. किती हात मोजले होते ते विसरून त्यांनी कासरा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतला. गिऱ्हाईक म्हणालं, "अप्पा, झालतं की मोजून." अप्पांनी दोर कापला, गुंडाळी करून दिली आणि तो मनुष्य उतरून जाईपर्यंत मान वर केली नाही.

"पानी तरी पी," ते म्हणाले.

"पानी नगं. आदी ऐका." रुचिका बाकड्यावर बसली आणि एका दमात सांगू लागली. तिच्या नवऱ्याचा, श्रीशैलचा, चुलतभाऊ पुण्याला नोकरीला होता. स्वतःसाठी मुलगी बघायला म्हणून तो इंटरनेटवर लग्न जुळवणारी पानं चाळत होता, तर समोर भावजयच आली. नाव रुचिका, वय बावीस, बी. ए., अविवाहित, गाव केज. त्यानं ते पान छापून आणलं. परवा भावकीत बारसं होतं. पाळण्याभोवती जमलेल्या बायकांत तो कागद या हातातून त्या हातात गेला.

"सासूबाई सगळ्यांसमोर म्हनल्या, लगीन झालेली पोरगी हिच्या बापानं अजून बाजारात मांडून ठिवलीया." रुचिकानं गल्ल्यावरचा कागद पालथा केला. "ह्यांनी रागं न्हाई भरलं. घरी आल्यावर नुसतं इचारलं, तुला म्हाईत हुतं का? मी म्हनले, न्हाई. मग म्हनले, तुझ्या अप्पांनी टाकला असंल."

"मग?"

"मग काय! मी भांडले त्यांच्यासंगं. म्हनलं, माझे अप्पा असलं कधी करनार न्हाईत. मला न इचारता माझा फोटो चारचौघांत देनार न्हाईत. कुन्यातरी टवाळ पोरानं खोडी काढली असंल. गळ्याची शपथ घेतली मी, अप्पा. तुमच्या."

अप्पांना कळत होतं, बोलायचं असेल तर ते आत्ताच. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण लेकीची नजर इतकी भरवशाची होती, की तिच्याकडे बघून ते बोलवेना. त्यांनी समोरची सुतळीची गुंडी उगाच सरकवून ठेवली.

"तानाजीच्या क्याफेत जाऊ," ते म्हणाले. "तिथं लई पोरं येत्यात. तेला इचारू. लाईट येऊ दे."

दुकानाच्या मागेच घर होतं. दानम्मानं लेकीला जेवायला वाढलं, हकिगत ऐकली आणि ती जेवत असताना अप्पांना स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. "आवं, तुमाला ह्यातलं काय ठाऊक हाय का?"

"मला काय ठाऊक असनार?" अप्पा म्हणाले. आणि इतक्या सहज म्हणाले, की त्यांचं त्यांनाच अंग आक्रसल्यासारखं झालं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रुचिकाचा फोटो दोन ठिकाणांहून परत आला होता. दुसऱ्या ठिकाणी मध्यस्थानं आडून आडून सांगितलं, पोरगी गुणाची आहे, पण रंग जरा… अप्पांनी ते घरात कुणाला सांगितलं नाही. पुढे कितीतरी दिवस दोर विकताना, देवपूजा करताना, तो अर्धवट सोडलेला शब्द त्यांच्या कानात राहिला. त्याच सुमारास तानाजीनं आपला एसटीडी बूथ मोडून तिथं तीन कॉम्प्युटर मांडले होते. जाता-येता तो सांगायचा, "अप्पा, आता सोयरिकी ह्याच्यावर जुळत्यात. फोटो टाकला की मुंबई-पुण्यापातूर दिसतो."

एका दुपारी दानम्मा आणि रुचिका लिंबागणेशला दर्शनाला गेल्या होत्या. अप्पांनी ट्रंकेतला फोटो काढला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि दुकान ओढून घेऊन कॅफेत गेले. तानाजीनं फोटो स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला आणि तो पडद्यावर हातभर मोठा होऊन आला. तानाजी विचारत गेला, अप्पा सांगत गेले. रंगाचा रकाना आला तेव्हा अप्पा थांबले. मग म्हणाले, "जरा उजेड करता येतो का रं चेहऱ्यावर?"

येत होता. तानाजीनं बोटानं दाबलं की चेहरा थोडा उजळायचा.

"आनखी?"

"आनखी थोडा."

त्या दिवशी परत येताना त्यांना हलकं वाटलं होतं. लेकीसाठी कुणाला न दुखवता काहीतरी करून आलो, असंच त्यांना वाटलं.

त्या फोटोवरून एकही स्थळ आलं नाही. दोनेक महिन्यांनी कपिलधारच्या यात्रेत महाप्रसादाच्या पंगतीत रुचिका वरण वाढत होती. उन्हानं रापलेली, घामानं डबडबलेली. श्रीशैलच्या आईनं, वत्सलाबाईंनी, तिला तिथं पाहिलं आणि ही कुणाची लेक म्हणून स्वतः विचारत आल्या. महिन्याभरात लग्न ठरलं. या सगळ्या धांदलीत तो फोटो अप्पा साफ विसरले. भिंतीवर चिकटवलेला कागद उन्हापावसानं आपोआप गळून जातो, तसंच याचंही होत असेल, असा त्यांचा समज होता. वर चढवलेला फोटो कुणीतरी खाली उतरवावा लागतो, हे त्यांना कधी सुचलंच नाही.

लाईट आली तसे बापलेक निघाले. तानाजीचं कॅफे तहसीलच्या रस्त्याला होतं. प्लायवूडच्या आडोशांत कॉलेजची पोरं बसली होती. तानाजी खुर्चीवरून उठला.

"या अप्पा. ताई, कवा आलात?"

रुचिकानं कागद त्याच्यासमोर धरला. "हे तुमच्या इथनं कुनी टाकलं?"

तानाजीनं कागद पाहिला. मग अप्पांकडे पाहिलं. अप्पा दाराच्या चौकटीपाशीच थांबले होते आणि त्यांची नजर फरशीवर होती. तानाजीला सगळं कळलं असावं. तो चाचरत म्हणाला, "आता… लई लोक येत्यात, ताई. कुनाचं कुनाचं ध्यानात ठिवावं."

"असं कसं? गाव केज लिवलंय ह्याच्यावर. केजात दुसरं क्याफे कुठं हुतं तवा?" रुचिकाचा आवाज चढला. आडोशांतली पोरं माना वर करून बघू लागली. "तुमच्या घरी लेकीबाळी न्हाईत का? कुनीबी यावं, कुनाच्याबी पोरीचा फोटो टाकावा, आन् तुमी टाकू द्यावा? माझा संसार मोडायची पाळी आली. मी पोलिसांत जानार हाय तुमच्या नावानं."

तानाजीनं मान खाली घातली. वयानं अप्पांच्या लेकासारखा असलेला तो माणूस, गिऱ्हाइकांसमोर, स्वतःच्या दुकानात, अप्पांच्या वाटणीचं ऐकून घेत होता. एक पोरगा फिदीफिदी हसला.

"तेला बोलू नगंस," अप्पा म्हणाले.

रुचिका वळली.

"म्या टाकला." अप्पांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "म्याच आनून दिलता. तेनं नुसतं भरलं."

रुचिका रडेल, ओरडेल, निघून जाईल, असं अप्पांना वाटलं. ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तानाजीला म्हणाली, "काढा ते पान. मला बघायचंय."

तानाजीनं कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर पान लावलं. लाईन मंद होती. फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरत होता. आधी केस, भांग. मग कपाळ. मग डोळे. कागदावर सगळं काळंपांढरं होतं, म्हणून तिला कळलं नव्हतं. पडद्यावर रंग होते. नाक आलं, ओठ आले, हनुवटी आली. पिठूळ, सपाट, दुधट चेहऱ्याची एक मुलगी समोर आली.

रुचिका पुढे वाकली. "ही कोन हाय?"

तानाजीनं माउसवरचा हात काढून घेतला.

"माझा तीळ कुठं गेला?" तिचा हात नकळत वरच्या ओठाकडे गेला.

"उजेड वाढवला की बारीकसारीक पुसून जातं, ताई," तानाजी पुटपुटला.

"उजेड वाढवायला कुनी सांगितलं?"

तानाजीनं या वेळी अप्पांकडे बघितलंही नाही. अप्पाच म्हणाले, "म्या."

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. पडद्याकडे बघतच ती बोलू लागली. आवाज अगदी खाली आला होता, आणि त्यामुळे अप्पांना प्रत्येक शब्द नीट ऐकू आला.

"मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हनले असते. म्हनून इचारलं न्हाई ना?"

"व्हय."

"शाळंत पोरी काळी म्हनायच्या. शेजारच्या बाया म्हनायच्या. पर घरात मला कधी कुनी म्हनलं न्हाई, अप्पा. मला वाटायचं, आपल्या घरात कुनाला ते दिसतच न्हाई."

अप्पांनी प्लायवूडच्या आडोशाला हात टेकला. मध्यस्थाचा तो अर्धा सोडलेला शब्द, जो त्यांनी घरात येऊ नये म्हणून इतका जपला होता, तो त्यांनीच पुरा करून जगापुढे लावला होता. लेकीच्या रंगाची लाज जर कुणाला वाटली असेल, तर ती त्यांनाच.

"ह्यांना फोन लावा," रुचिका तानाजीला म्हणाली आणि नंबर सांगितला. घंटी वाजू लागली तसं तिनं रिसीव्हर अप्पांच्या हातात दिला. "तुमीच सांगा. मी शपथ घेतलीया, मी आता काय सांगू?"

"जावईबापू," अप्पा म्हणाले. "तो फोटो म्या टाकलता. लग्नाच्या आदी. रुचिकाला म्हाईत न्हवतं. काढायचा राहिला. चूक माझी हाय. मी उद्या येतो, वत्सलाबाईंच्या समोर सांगतो."

पलीकडून श्रीशैलनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईला मी सांगतो, अप्पा. तिचं मन फिरायला वेळ लागंल. रुचिकाकडं द्या."

ती त्याच्याशी पाठ करून बोलली. शेवटी एवढंच ऐकू आलं, "येते मी उद्या. एकटीच येते." फोन ठेवून ती अप्पांना म्हणाली, "तुमी येऊ नगा. माझ्या वतीनं आता कायबी करायचं असंल तर आदी मला इचारायचं."

अप्पांनी मान हलवली.

लग्नाआधी रुचिकानं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तानाजीनं खातं उघडून दिल्यावर तिनं त्याला बाजूला व्हायला सांगून माउस हातात घेतला. पान काढून टाकायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. तिनं लगेच होय म्हटलं. चेहरा गेला. पण तानाजीनं नाव घालून शोधलं तेव्हा दुसऱ्याच कुठल्या पानावर तोच दुधट चेहरा पुन्हा निघाला, वेगळ्या नावाखाली, वेगळ्या गावाचा.

"हितनं आपल्याला काढता येत न्हाई," तानाजी म्हणाला. "हे दुसऱ्या कुनी उचललंय. तेंना मेल करावी लागंल. उत्तर आलं तर ठीक."

"मेल कुठली दिलीया?"

"अप्पांच्या नावानं म्याच काढून दिलती. पासवर्ड माझ्याकडंच हाय. सगळ्या गिऱ्हाइकांचा एकच ठिवतो, ध्यानात राह्यला सोपा."

"म्हंजी इथं बसनाऱ्या कुनालाबी ठाऊक असंल."

तानाजीनं तीच मेल तिला उघडून दिली.

रुचिकानं तक्रार लिहिली. अडखळत, शब्द पुसत, पुन्हा लिहीत. हा फोटो माझा आहे, तो मी दिलेला नाही, काढून टाका. पाठवून झाल्यावर तिनं पासवर्ड बदलायचं पान उघडलं. नवा शब्द लिहायची मोकळी चौकट आली. तिची बोटं कळांवर टेकली आणि थांबली. तिनं मान वळवून पाहिलं. तानाजी आपणहून दूर झाला होता. अप्पा मात्र अगदी खुर्चीच्या मागे, पडद्यावर नजर लावून उभे होते.

तिनं बोटं कळांवरून उचलून मांडीवर ठेवली.

अप्पांना समजायला क्षणभर लागला. मग ते हळूच वळले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर जीपवाला नेकनूर, बीड म्हणून ओरडत होता. मागे कळांचा आवाज सुरू झाला. एक शब्द लिहिला, मग तोच पुन्हा लिहिला असावा.

"झालं," रुचिका तानाजीला म्हणाली. खुर्ची सरकली.

अप्पा तसेच पाठमोरे उभे राहिले. त्यांना अजून कुणी वळा म्हटलं नव्हतं.