कस्तुरामावशीला खो

आमच्या मुकुंदवाडीच्या खो-खो मंडळात पोरींना रोज सांजच्याला घरपोच करणारी एकच बाई, कस्तुराबाई. पोरी तिला मावशी म्हणतेत. पगार नाय, पद नाय. मैदानावर पाणी मारायचं, पोरींच्या पोटऱ्यांना तेल चोळायचं, बाहेरगावी सामना असला की टीमसंगं जायचं. निम्म्या घरातून पोरी येतेत त्या मावशी संगं हाय म्हून. नायतर आमच्यासारख्या मिशावाल्यांच्या भरवशावर कोण लेक धाडतंय?

मी सांडू. स्टेशनाजवळ पंक्चरचं दुकान, अन् मैदानावर फक्की मारायचं काम, म्हंजी चुन्याच्या रेघा वढायचं. मधल्या टायमात ज्याची त्याची खोड काढायची. आमचे अध्यक्ष नानासाहेब भाषणाला हुभे राहिले की माईकची वायर मीच काढतो, हे सगळ्यांना ठावं हाय. नानासाहेबांना पण. भाषण गुंतलं, पुढचं सुचंना झालं, की तेच हळूच माझ्याकडं बघतेत.

मंडळाच्या वाढदिवसाला दर साली राबणाऱ्यांचा सत्कार असतो. बाप्यांना टोपी-टावेल, बायांची ओटी. टावेल एवढे पातळ की त्यातून समोरचा माणूस दिसतो, पण घेणाऱ्याची छाती फुगतीच. चार वर्षाखाली पहिल्यांदा मावशीचं नाव पुकारलं. ती नवं लुगडं नेसून बायांच्या रांगंत हुभी. नानासाहेबांच्या मालकीणबाई, वच्छलाबाई, हळदी-कुंकवाचं ताट घेऊन एकेकीला लावत आल्या. मावशीपाशी आल्या, बोट कुंकवात बुडवलं, वर नेलं, अन् थांबलं. मावशीचा मालक, मुंजाबा, जाऊन तवा धा वर्सं झाली व्हती. बोट तसंच पुढच्या बाईच्या कपाळाला गेलं. मावशीच्या हातात नुसता खण ठिवला. ओटी नाय. वच्छलाबाई काय वाईट बाई नाय. रीत आडवी आली, अन् बोट रीतीच्या बाजूनं गेलं.

तवापासून वाढदिवसाच्या दिशी मावशी सकाळी पाणी मारती अन् दुपारी गायब. कधी शेळी व्यायली, कधी शेरडं सुटली. तिची एक शेळी तर सलग तिन्ही साली त्याच तारखंला व्याली.

यंदा मी तिला छेडलं. म्हणलं मावशी, औंदा शेळी का बोकड? ती हसली नाय. पाण्याचा पाईप गुंडाळता गुंडाळता म्हणली, "सांडू, पोरी मोठ्या झाल्या. मी त्या दिवशी लपते ते त्यांना कळाया लागलंय. त्यांनी मला काहून म्हून इचारायच्या आधी मी येणंच बंद करते."

मी दुकानावर आलो अन् एक टायर तीनदा खोलून बसवलं. मावशी गेली की महिन्यात टीम अर्धी व्हणार व्हती. अन् टीमचं मरू द्या, ती आपलं मोकळं कपाळ घेऊन घरात बसणार व्हती, जसं काय कसूर तिचाच.

गोदा आमची कप्तान. तिला मी सगळं सांगितलं. पोरगी म्हणली की मावशीला ष्टेजवर चढवू नका, मैदानात बसवा. बाकीची खोडी मी जुळवली.

वाढदिवसाच्या सकाळी मावशी पाणी मारून निघाली तशी एक पोरगी पाय धरून वरडाया लागली. पाय मुरगाळला म्हणं. बसणाऱ्यांत एकीची जागा रिकामी. गोदानं मावशीला गळ घातली की फक्त दोन मिन्टं बस, पळू नको, नुसती जागा धर. मावशीनं लुगडं खोचलं अन् बसली उकिडवी चौकोनात.

आता खो-खोत बसलेल्यानं मागून पाठीवर थाप अन् खो मिळाल्याबिगर उठायचं नाय. हा कायदा या पोरींना लहानपणी मावशीनंच कान धरून शिकवलेला.

खेळ सुरू झाला. पाठलाग करणारी इकडं खो देती, तिकडं देती, मावशीला सोडून. अन् पळणारी पोरगी मावशीच्या पुढून जाता जाता तिच्या मांडीवर मूठभर गहू टाकून गेली. दुसरीनं पेरू टाकला. मावशी म्हणली अगं, काय करता? तिसरीनं घरून लपवून आणलेले तांदूळ वतले. ते घरंगळाया लागले, अन्न मातीत जाऊ नाय म्हून मावशीनं आपसूक पदर पसरला.

पदर पसरल्यावर तिला उमगलं.

ती म्हणली, "खो द्या गं मला. मला उठू द्या." कोणी देईना. एक बारकी पोरगी आली, तिच्याकडं टाकाया काय नव्हतं, तर तिनं केसातली पिन काढून पदरात टाकली. मावशीची मान खाली गेली. वाटलं आता कायदा मोडून उठती अन् जाती. मी सारखा रस्त्याकडं बघाया लागलो.

कारण अर्धी खोडी अजून रिक्षातून उतरत व्हती. वच्छलाबाईंना मी सांगितलेलं की मैदानाची पूजा हाय, नारळ अन् ताट घेऊन या. त्या आल्या, बघितलं, अन् जागच्या जागी हुभ्या राहिल्या. पोरी थांबल्या. वच्छलाबाईंनी माझ्याकडं एकदा असं बघितलं की दुसऱ्या कोणी बघितलं असतं तर मी पैठणपोतुर पळालो असतो.

मग त्या चपला काढून फक्कीच्या आत आल्या. मावशीपुढं वाकल्या. गुडघ्यांची लई तक्रार हाय त्यांची, तरी वाकल्या. नारळ पदरात ठिवला. कुंकवात बोट बुडवलं, अन् ते परत हवेत थांबलं.

"कस्तुरा, लावू का? तू म्हणशील तसं."

मावशीनं मान वर केली. डोळं भरलेलं, पण आवाज मैदानावरचा, "बाई, खो देणारी इचारत बसली तर डाव जातोय."

वच्छलाबाईंनी लावलं. कुंकू जरा नाकावर सांडलं. दोघी एकमेकीकडं बघत राहिल्या. पोरी रडाया लागल्या, गोदा तर हुंदके देत व्हती.

मावशी मातर उठंना. वच्छलाबाई घाबरल्या, म्हणल्या काय झालं गं, राग आला का? मी म्हणलं बाई, अजून खो कुठं दिलाय, मागून जाऊन पाठीवर थाप मारा. नानासाहेबांच्या मालकीणबाई, साठीच्या, मागं गेल्या, थाप मारली अन् एवढ्या हळू खो म्हणल्या की फक्त मावशीलाच ऐकू गेला.

मावशी उठली. पदर कमरंला घट्ट आवळला, नारळासकट, अन् सगळ्यांना सोडून माझ्यामागं लागली. गहू सांडतेत, पोरी वरडतेत. मी पळालो, पण लई नाय. तिनं माझी कॉलर धरली अन् धापा टाकत म्हणली, "उद्या फक्की नीट मार मेल्या. मधली रेघ वाकडी हाय."