पालथी पेटी

"पेटी बाहेर ठेवायची. तिथे, पायरीवर," नीलाताई म्हणाल्या. "लागतील तेवढी हत्यारं हातात घेऊन आत या. राग मानू नका हं, आमच्याकडे नियमच आहे. मेकॅनिकची पेटी उंबऱ्याच्या आत येत नाही."

"बरं ताई," विनिता म्हणाली.

राग मानू नका म्हणे! आठ वर्षं पोसलेला राग असा एका वाक्याने उतरला असता तर आणखी काय हवं होतं? डोंबिवलीतलं, मानपाडा रोडच्या मागच्या गल्लीतलं हे दुकान ती आज पहिल्यांदा पाहत होती. पण हा नियम कधी झाला आणि कोणापायी झाला, हे तिला त्या बाईपेक्षा जास्त पाठ होतं. तिने पत्र्याची पेटी पायरीवर ठेवली. दोन स्क्रू-ड्रायव्हर, पान्हा, ब्रश आणि तेलाची स्टीलची डबी काढून घेतली. तळाशी घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली आणखी एक बाटली होती. ती तिने नुसती बोटांनी चाचपली. होती जागेवर.

आत शिवणकाम करणारी शिवानी मशीनपुढे रडकुंडीला येऊन बसली होती. तिनेच कुठूनतरी नंबर मिळवून विनिताला फोन केला होता.

"सकाळपासनं टाके सोडतेय बघा ताई. शालूचं पिको बाकी आहे आणि चार वाजता नवरीकडची माणसं येणार. परवा लग्न आहे त्यांचं."

शालू बाजूच्या टेबलावर पसरलेला होता. मोरपिशी, रुंद काठाचा, चांगला भारीतला. विनिताने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहायचं टाळलं. आधी काम. काम अर्धवट टाकून सूड घ्यायला ती काही कोणाची आगाऊ पोर नव्हती.

आता सूड कसला, ते सांगायला हवं.

विनिताचा नवरा महिपत शिलाई मशीनचा मेकॅनिक. घर मोहन्याला, काम कल्याण-डोंबिवलीभर. मोटरसायकलच्या कॅरियरला हीच पेटी बांधून सकाळी नऊला निघायचा. तो अंघोळीला गेला की विनिता त्याच्या तेलाची चोचवाली बाटली भरून ठेवायची, अगदी काठोकाठ. "अगं, थोडी जागा ठेवत जा की," तो हसून म्हणायचा. पण अर्धं भांडं घेऊन कामाला जाऊ नये, बरकत जाते, असं तिच्या आईने तिला सांगितलेलं. हिचा हात काही आवरायचा नाही. त्यानेही कधी त्यातलं तेल कमी करून नेलं नाही.

एक दिवस, ऐन मे महिन्यात, तो दुपारी तीनलाच घरी आला. अंगात नुसती बनियन.

"शर्ट कुठंय?"

"फरशी पुसली त्याने."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नीलाताईंच्या दुकानात एका नवरीच्या शालूवर तळहाताएवढा तेलाचा डाग पडला होता. बाईने चारचौघांत त्याचा उद्धार केला, पेटी रस्त्यावर भिरकावली आणि त्याच्याच शर्टाने फरशी पुसायला लावली.

"तुमच्या हातनं सांडलं?" विनिताने विचारलं.

महिपतने खाली बघितलं. "नाही गं. त्यांच्याच मशीनचं गळलं. नाव माझं आलं."

संध्याकाळपर्यंत नीलाताईंनी ओळखीच्या सगळ्या दुकानांत फोन फिरवले होते. महिन्याभरात महिपतचं काम आटलं. पेटी माळ्यावर गेली आणि तो कोलशेतला एका गोदामावर वॉचमन म्हणून उभा राहिला. ज्या हातांना मशीनची नाडी कळायची, ते हात दिवसभर गेट ढकलत बसले. दोन वर्षांनी त्याच गेटवर खुर्चीत बसल्या बसल्या गेला. लोक म्हणाले, हार्ट. विनिता म्हणाली, त्या बाईने मारला माझा माणूस.

तेरावं झालं आणि तिने माळ्यावरून पेटी खाली काढली. कळव्याचे मारुतीदादा महिपतचे जुने दोस्त. त्यांच्या हाताखाली वर्षभर शिकली. बाईमाणूस आणि मेकॅनिक, म्हणून लोक हसले. हसतील त्यांचे दात दिसतील! सुईचं टायमिंग ती वर्षात शिकली. तेल शिकायला मात्र तीन वर्षं घातली.

तेल म्हणजे तेल नेणं. हे फार कोणी मनावर घेत नाही. बाटली घ्यायची, पेटीत टाकायची, चिंधी गुंडाळायची, झालं. पण तेल वाट शोधतंच. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून ते झाकणाच्या आट्यांतून वर आलं. इंजेक्शनच्या बाटलीचं रबर फुगलं. शेवटी कानात घालायच्या औषधाची मऊ प्लास्टिकची बाटली तिला सापडली. ती पाऊणच भरायची. उन्हात तेल फुगतं, त्याला अंग पसरायला जागा लागते. झाकण लावण्याआधी बाटली किंचित दाबायची, म्हणजे ती तेल बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढून धरते. मग चिंधीत गुंडाळून स्टीलच्या डबीत उभी. अशी पेटी खडकपाड्याच्या खड्ड्यांतून न्या, पालथी करा, उन्हात तापवा. थेंब बाहेर येणार नाही.

हे कळलं तेव्हा एक शंका तिच्याही मनात डोकावली होती. काठोकाठ भरलेली बाटली, मे महिना, तापलेली पेटी. पण तिने ती झटकून टाकली. महिपत म्हणाला होता, मशीनचं गळलं. महिपत खोटं बोलायचा नाही.

आणि ती दुसरी बाटली? तिच्यात रिक्षाच्या गॅरेजमधून आणलेलं जळकं काळं तेल होतं. बाटली मऊ प्लास्टिकची, झाकणावर मेणबत्तीचं मेण ओतून बंद केलेली. मशीनचं पातळ तेल धुतल्यावर एखादवेळ निघतं, हे जन्मात निघणार नाही. पाच वर्षं ती पेटीच्या तळाशी होती. कधीतरी त्या दुकानातून बोलावणं येणार, हे विनिताला माहीत होतं. मशीन काय, आज ना उद्या सगळ्यांचीच बिघडते.

तासाभरात सुईचं टायमिंग जुळलं. कापड सरकवणाऱ्या दात्यांखालचा सुताचा गोळा निघाला. शिवानी चहा सांगायला कोपऱ्यावर गेली आणि नीलाताई फोन कानाला लावून आतल्या खोलीत शिरल्या.

विनिता उठली. बाहेर गेली, पेटी उचलली आणि उंबरा ओलांडून सरळ शालूच्या शेजारी टेबलावर आणून ठेवली. घे तुझा नियम! घोंगडीचा तुकडा सोडवला, नखाने मेण फोडलं, झाकण सैल केलं. आठ वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली, ती आली की हात कसे शांत होतात, याचं तिलाच नवल वाटलं.

"अहो! हे काय? पेटी आत कशी आणलीत?"

नीलाताई दारात उभ्या. विनिताने बाटली मुठीत झाकली.

"नीट सांगितलं होतं ना मी तुम्हाला? एकदा भोगलंय मी! महिपत म्हणून होता एक. त्याच्या पेटीतलं तेल झिरपून उद्याच्या नवरीचा शालू गेला माझ्याकडे. मुलीची आई माझ्यासमोर बसून रडत होती."

"त्याच्याच पेटीतलं कशावरनं?" विनिताचा आवाज चढला. "तुमच्या मशीनचं गळलं असेल. गरिबावर आळ घ्यायला काय लागतं!"

"मशीनचं? मी काय वेडी आहे? त्याने स्वतः पेटी उघडून दाखवली मला. बाटली ओली, तळ ओला. म्हणाला, 'ताई, चूक माझीच. सकाळी मीच काठोकाठ भरली. उन्हात तेलाला जागाच राहिली नाही.' आणि वर काय म्हणाला, ऐका. 'मी रोज अशीच भरतो, मला खोडच आहे.' आता बोला! कळतंय तरी रोज भरतो. असल्या माणसाला कोणी कामाला ठेवावं?"

मीच भरली.

लग्नाच्या सोळा वर्षांत महिपतने ती बाटली एकदाही भरली नव्हती.

विनिताला टेबलाचा आधार घ्यावा लागला. इकडे या बाईला सांगितलं, मी भरली. तिकडे घरी येऊन सांगितलं, मशीनचं गळलं. दोन्हीकडे खोटं बोलला मेला! एक शब्द खरा बोलला असता, बायको भरते म्हणाला असता, तर शर्ट तरी अंगावर राहिला असता. आणि ती? "थोडी जागा ठेव" म्हणणाऱ्या माणसाला आईची म्हण ऐकवणारी ती. आठ वर्षं ज्या गुन्हेगाराच्या नावाने बोटं मोडली, तो तिच्याच घरात, तिच्याच ओट्याशी उभा होता. तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कोणावर?

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" नीलाताईंनी विचारलं.

त्या सुरात जरा माया होती, आणि तेच विनिताला सोसेना. तिची चूक तिची. पण म्हणून या बाईने केलेलं काही पुसलं जात नव्हतं.

"शर्टाने फरशी कोणी पुसायला लावली?"

नीलाताईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला काय माहीत ते?"

विनिताने काळ्या तेलाची बाटली किंचित दाबली, झाकण आवळलं आणि घोंगडीत गुंडाळून पेटीत ठेवली. मेण आता नव्हतं, नुसतं झाकण होतं. मशीनच्या तेलाची डबीही आत गेली. तिने पेटी चारी बाजूंनी स्वच्छ फडक्याने पुसली, कडी लावली आणि दोन्ही हातांनी उचलून शालूच्या मधोमध पालथी घातली.

नीलाताई पेटीकडे धावल्या तर विनिताने तिच्या पालथ्या तळावर हात ठेवला.

"हात लावू नका. आता हलवलीत आणि सांडलं तर तुमच्या हातनं सांडलं."

"अहो, परवा लग्न आहे! वेड लागलंय का तुम्हाला? शिवानी! अगं शिवानी!"

"बसा ताई. माझं पिको तपासायचं राहिलंय."

ती खरंच मशीनवर बसली. चिंधी घेतली, पायाने मशीन चालवली. टाका एकसारखा पडत होता. तरी तिने दुसरी चिंधी घेतली, मग तिसरी. शिवानी चहाचे ग्लास घेऊन दारातच थिजली. नीलाताई खुर्चीच्या कडेवर बसून त्या पेटीकडे पाहत होत्या, कपाळाला घाम, ओठ कोरडे. घाबर, विनिता मनात म्हणाली. अजून घाबर. माझा माणूस बनियनवर डोंबिवलीहून मोहन्याला आला होता. दहा मिनिटं तिने त्या बाईला तसं तळलं, आणि खोटं कशाला बोला, त्यातलं एक मिनिटही तिला गोड लागलं नाही. कारण त्या पेटीकडे ती स्वतःही श्वास धरून पाहत होती.

मग ती उठली. पेटी उचलली. नीलाताईंनी झेप घेऊन शालू ओढला, उजेडात धरला, तळहात फिरवला, नाकाला लावला. कोरडा ठणठणीत.

"नाही सांडलं," त्या पुटपुटल्या.

"आता नाही सांडत," विनिता म्हणाली.

तिने पेटी खाली ठेवली.

"महिपत माझा नवरा. सहा वर्षं झाली त्याला जाऊन. ती बाटली त्याने नव्हती भरली, मी भरलेली. रोज मीच भरायचे. तुम्ही त्या दिवशी ज्यांना ज्यांना फोन केलेले ना, त्या सगळ्यांना परत लावा आणि एवढं सांगा. महिपतच्या हातनं नाही, त्याच्या बायकोच्या हातनं झालं म्हणावं. माझं नाव घेऊन सांगा. माझं काम गेलं तरी चालेल."

नीलाताई शालू छातीशी धरून उभ्या होत्या. "मी... शर्टाचं तेवढं मी करायला नको होतं," त्या म्हणाल्या. "बसा तरी. चहा घ्या."

"फोन आधी लावा," विनिता म्हणाली. "पहिला माझ्यासमोर."

नीलाताईंनी चष्मा लावला. नंबर शोधायला त्यांना वेळ लागला. "हॅलो, मी नीला बोलतेय. तो महिपत मेकॅनिक आठवतोय का तुम्हाला?" विनिताने शेवटपर्यंत ऐकलं, नाव नीट उच्चारलं गेलं की नाही तेही ऐकलं. मग चहाला न शिवता पेटी घेऊन पायरी उतरली.

कल्याणच्या शेअर रिक्षात तिघीजणी आधीच दाटीवाटीने बसलेल्या होत्या. विनिता चौथी, पेटी मांडीवर. रस्ता खणून ठेवलेला. रिक्षा आदळली की ती पेटी दोन्ही हातांनी वर उचलून सरळ धरायची.

"मावशी, ठेवा की खाली पायाशी," रिक्षावाला आरशातून म्हणाला. "कशाला एवढी जपताय? काचेचं सामान आहे का?"

"नाही," विनिता म्हणाली. "राहू दे. तेल आहे."