रतन पाष्टेंच्या नावापुढचा रकाना

अनिरुद्धला त्या रविवारी एकच गोष्ट हवी होती. आईने पहिल्या रांगेत बसावं. बस्स, बाकी काही नाही.

तळेकोंड ग्रामस्थ मंडळाचं संमेलन दर जानेवारीत भांडुपच्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरतं, आणि दर वर्षी त्याची आई, वसुधा पाष्टे, शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची धरते. जेवणाच्या आधी सटकता यावं म्हणून. का, ते सगळ्या गावाला ठाऊक. तिचा नवरा रतन बारा वर्षांपूर्वी एका मंगळवारी डबा घेऊन घाटकोपरच्या प्लास्टिकच्या गाळ्यावर कामाला म्हणून निघाला, तो गाळ्यावर पोचला नाही आणि घरीही परत आला नाही. पोलिसांत तक्रार झाली, हॉस्पिटलं पालथी घातली, गावच्या देवीला कौल लावून झाला. माणूस मेला असता तर लोक रडायला आले असते. हरवलेल्याच्या घरी लोक चौकशीला येतात, चहा पितात, आणि जिना उतरताना एकमेकांच्या कानाला लागतात. कुणी म्हणे सुरतेला दिसला, कुणी म्हणे दुसरं घर केलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! हळदीकुंकवाला वसुधाला बोलवावं की नाही हे बायकांना ठरवता येईना, म्हणून मग तिला बोलावणंच बंद झालं.

तेव्हा अनिरुद्ध पंधरा वर्षांचा होता. आता सत्तावीसचा आहे आणि अंधेरीच्या एका कंपनीत मोबाइलची अ‍ॅप बनवतो. गेल्या गणपतीनंतर मंडळाचे सेक्रेटरी नाना घरी आले आणि म्हणाले, "अरे, तू एवढा कंप्युटरवाला, आपल्या गावाचं काहीतरी करून दे की. वही आता फाटायला आली." तेव्हा त्याने लगेच होकार दिला. पळून गेलेल्या रतनचा पोरगा सगळ्या गावाला अ‍ॅप करून देतोय, हे त्याला आईच्या समोर, भर हॉलमध्ये, माइकवरून ऐकायचं होतं.

नानांची वही म्हणजे साधी गोष्ट नव्हती हं. सत्त्याहत्तर घरं, चारशेच्या वर माणसं. गणपतीला गावी जायच्या आधी श्रावणात मंडळाची एक बैठक होते. तिथे घरातलं कुणीतरी नानांच्या टेबलाशी जातं आणि आपल्या माणसांच्या नावापुढे 'हयात'च्या रकान्यात टिक करतं. घरातलं कुणी गेलं असेल तर त्या नावापुढे कुणी पेन टेकवत नाही. नाना रिकामा रकाना बघतात, समोरच्याच्या तोंडाकडे बघतात, आणि हळूच विचारतात, "कधी?" मग तारीख विचारून लाल शाईने नावाच्या आधी 'कै.' लिहितात. जानेवारीच्या संमेलनात त्याच लाल नावांची यादी वाचतात आणि हॉल दोन मिनिटं उभा राहतो, आणि पुढच्या वर्षी ती नावं वहीतून कमी होतात. चाळीस वर्षांची रीत.

नानांच्या सुनेने ती वही एक्सेलमध्ये भरून दिली. श्रावणापर्यंतच्या सगळ्या टिका आल्या, पण लाल शाई काही एक्सेलमध्ये आली नाही. अनिरुद्धने पहिल्यांदा अ‍ॅप चालू करून दाखवलं तेव्हा नाना फोन नाकाला लावून म्हणाले, "हे रे काय? सगळ्यांच्या नावाच्या आधी एन यू डबल एल? हा कुठला नवीन किताब काढलास?"

अनिरुद्ध हसला. "नाना, नावाच्या आधीची जागा रिकामी आहे ना. आत काही नसलं की फोन तसं लिहितो. नीट करून घेतो मी."

"कर बाबा. आणि सोपं आहे. टिक असेल तर श्री., नसेल तर कै. वहीची रीतच आहे ती. यंदाच्या गेलेल्यांची यादीपण आपोआप येऊ दे, मला त्या दिवशी वाचायला बरं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाता खाता त्याने तेवढं करून टाकलं. एकच ओळ. स्क्रीनच्या त्या चौकटीला सांगायचं की हयात खरं असेल तर श्री. दाखव, नाहीतर कै. रिकामा रकाना आला तर फोन त्याला आपसूक 'नाही' धरतो, त्यामुळे आणखी काही लिहायची गरजच पडली नाही. शेजारी बसणाऱ्या दीप्तीने डोकावून बघितलं. ती त्याच्याहून चार वर्षांनी सीनियर, आणि बोलायला फटकळ.

"रिकामं आलं तर सरळ मारूनच टाकतोस का रे माणसाला?"

"अगं, त्यांच्या वहीची रीत आहे तशी."

"रीत असेल. पण रिकामं म्हणजे नाही असं नसतं. रिकामं म्हणजे आपल्याला माहीत नाही. ते का रिकामं आहे ते आधी विचार ना कुणालातरी."

"चारशे लोकांना विचारत बसू? यार दीप्ती, फुकटचं काम आहे."

तिने खांदे उडवले आणि आपली भाजी त्याच्या डब्यात वाढली. झालं, विषय संपला. त्याने आठ-दहा नावं उघडून तपासली, गावच्या वरच्या वाडीची, खालच्या वाडीची, सगळी झकास दिसत होती. पाष्ट्यांचं घर मात्र त्याने उघडलं नाही. आपल्याच घराची माणसं यादीत कोण शोधत बसतं? आणि खरं सांगायचं तर बापाचं नाव लिहिलेलं दिसलं की तो आजही नजर फिरवतो. शाळेच्या दाखल्यावरही तो ते नाव भरभर वाचून पुढे जायचा.

संमेलनाच्या दिवशी त्याने आईला जवळजवळ ओढतच पहिल्या रांगेत नेलं. तिने मोतिया रंगाची साडी नेसली होती, कपाळावर नेहमीएवढंच कुंकू. शेजारी तिची थोरली जाऊ कमल बसली होती. या कमलने गेल्या वर्षभरात तिला तीनदा सांगितलं होतं, "वसुधा, बारा वर्षं भरतात आता. दर्भाचा पुतळा करून विधी उरकून टाकू या. त्यांनाही सुटका, तुलाही." वसुधा दर वेळी चहा ठेवायला उठायची.

दीप लागला, नारळ फुटला. नानांनी माइक हातात घेतला आणि अनिरुद्धचं नाव घेतलं. "आपल्या रतनचा मुलगा," असं म्हणाले, पळून गेलेल्या वगैरे काही नाही. टाळ्या झाल्या. अनिरुद्धने आईकडे पाहिलं, तर ती पदर तोंडाशी धरून हसत होती. बारा वर्षांत त्याने तिला लोकांत हसताना पाहिलं नव्हतं. पोराचा जीव भरून आला अगदी.

"तर आता," नाना म्हणाले, "नव्या अ‍ॅपवरून पहिलं काम श्रद्धांजलीचं. यंदा आपल्यातून गेलेली माणसं." त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मागे पडद्यावर तीच यादी मोठी होऊन उमटली. नाना वाचू लागले. एक नाव, दोन नावं, वाडीसकट. चौथं नाव घेतलं, पाचव्याला सुरुवात केली, आणि अर्धं नाव तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांचा आवाज बसला.

पडद्यावर मात्र ते पूर्ण होतं: "कै. रतन काशिराम पाष्टे. वरची वाडी."

अनिरुद्धने पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. हे कसं? बाबांच्या नावापुढे टिक नव्हती? पण मग आजवर ती करत होतं कोण? त्याला एका क्षणात सगळं कळलं आणि काहीच कळेना. लॅपटॉप समोर होता, एक बटण दाबलं असतं तर पडदा काळा झाला असता. त्याचं बोट उठलं नाही.

मागच्या रांगांतल्या लोकांना काय माहीत काय चाललंय. नेहमीची रीत म्हणून ते उठले. खुर्च्या सरकल्या. एक रांग उठली, मग दुसरी, मग सगळा हॉल उभा राहिला, तीनशे माणसं माना खाली घालून. कमल उठावं की नाही या गोंधळात अर्धवट वाकून राहिली. पहिल्या रांगेत वसुधा तेवढी बसलेली. तिने पडद्याकडे पाहिलं. मान वळवून मागच्या सगळ्या रांगा पाहिल्या, अगदी दाराजवळच्या तिच्या खुर्चीपर्यंत. मग गुडघ्यावर हात टेकून तीही उठली आणि तिने हात जोडले.

दोन मिनिटं किती मोठी असतात ते अनिरुद्धला त्या दिवशी कळलं.

ती संपल्यावर तो आईचा हात धरून तिला बाहेर शाळेच्या पायऱ्यांवर घेऊन आला. लॅपटॉप काखेतच होता. त्याला रडू फुटलं ते आवरेना. "आई, चूक झाली गं माझी. वाट लावली मी. रकाना रिकामा होता, मी त्याला नाही धरलं. मला माहीतच नव्हतं..."

"तुला कसं माहीत असणार," ती म्हणाली. "दर वर्षी मीच जायचे टिक करायला. अकरा वर्षं केली. नाना काही बोलायचे नाहीत, पेन पुढे करायचे फक्त."

"मग या वर्षी?"

ती पायरीवर टेकली. "या वर्षीपण गेले होते. तुझी टिक केली, माझी केली. त्यांच्या नावाशी पेन नेलं आणि हात चालेना रे. आहेत असं लिहू तर कशाच्या जोरावर? नाहीत म्हणू तर कुठल्या तोंडाने? मग पेन ठेवलं आणि आले घरी. तुला सांगितलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, मीच त्यांचा हात सोडला."

नाना मागून आले ते काठी टेकत, चष्मा हातात. म्हातारा पार खचला होता. "वहिनी, चूक पोराची नाही, माझी. सगळ्यांना 'कधी' म्हणून विचारतो मी, चाळीस वर्षं विचारतोय. तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही मला. रकाना तसाच ठेवला आणि म्हटलं, नंतर बघू. आत जातो आणि माइकवरून सांगतो चूक झाली म्हणून. पाया पडतो सगळ्यांच्या."

"नको, नाना," वसुधा म्हणाली. आणि मग तीही रडली, मोठ्याने, पदर न लावता. "बारा वर्षं झाली, त्यांच्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं हो. ना दहावा, ना बारावा, ना कुणी दारात येऊन बसलं. लोकांनी नुसती नावं ठेवली. आज अख्खा गाव उभा राहिला त्यांच्यासाठी. चुकून का होईना, राहिला. ते तुम्ही परत घेऊ नका."

आत जेवणाची पानं मांडल्याचा आवाज येत होता.

मग तिने डोळे पुसले आणि लॅपटॉपकडे बोट केलं. "पण ते कै. काढ. मी म्हटलेलं नाही ते. देवानेही अजून मला सांगितलेलं नाही."

"काढतो. मग काय लिहू, श्री.?"

"तेही नको."

अनिरुद्धने पायरीवरच लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ती ओळ शोधली. त्याने तिचे तीन भाग केले: टिक असेल तर श्री., नानांनी स्वतः लिहिलं असेल तरच कै., आणि रकाना रिकामा असेल तर काहीही नाही, नुसतं नाव. दीप्तीने डब्याच्या वेळी हेच तर सांगितलं होतं. तेव्हा पाच मिनिटांचं काम होतं, आत्ताही पाचच मिनिटं लागली. त्याने फोन आईच्या हातात दिला. ती शिकलेली सातवीपर्यंत, पण नवऱ्याचं नाव तिने अक्षर अक्षर वाचलं. रतन काशिराम पाष्टे. पुढे मागे काही नाही.

"हे असंच राहील?"

"राहील. कुणी भरेपर्यंत असंच."

तिने फोनवरून अंगठा फिरवला, धूळ पुसावी तसा, आणि तो नानांपुढे धरला. "नाना, श्रावणात बैठकीला येईन मी. तेव्हा मला विचारा. मी काय सांगेन मला नाही माहीत, पण विचारा. दर वर्षी विचारा."

नानांनी चष्मा लावला. "विचारीन, वहिनी," ते म्हणाले. मग कमल दारात आली आणि जरा अडखळून म्हणाली, "वसुधा, पान मांडलंय गं तुझं. माझ्या शेजारी." वसुधा उठली. दर वर्षी ती याच वेळी फाटकाबाहेर पडलेली असायची. अनिरुद्धने तिची चप्पल उचलली आणि तिच्या मागून जेवायला आत गेला.