पाहुण्याचा पेला

टक्. साखरेच्या सुळक्यावर छोटी हातोडी पडली आणि नदीकाठची दुपारची पेंग मोडली. तूदाने खडा किटलीत टाकला, पण नजर तिची वर, देवदारांतून उतरणाऱ्या पायवाटेवर.

"अगं, चहा करतेस की पाक?" चटईवर पाय पसरून बसलेल्या लल्ला बतूल म्हणाल्या. मेकनेस शहरातून दर रविवारी येणारं ते जुनं गिऱ्हाईक. नातवंडं त्यांची गुडघाभर पाण्यात धिंगाणा घालत होती. "हा चौथा खडा."

तूदा ओशाळली. "वनरक्षक यायचाय, लल्ला. जंगल राखीव झालं. काठावरचे मांडव आज संध्याकाळपर्यंत उठवायचेत."

बोरूच्या या चहाच्या मांडवावर तीन उन्हाळे तिचं आणि तिच्या पाच वर्षांच्या लेकीचं, ईझाचं पोट भरलं होतं.

"मग आधी चहा पाज त्याला," बतूल हळू आवाजात म्हणाल्या. "ज्या घरचा चहा घेतला, त्या घरावर हात टाकणारा अजून मी पाहिला नाही."

तेच तर तूदाच्या मनात होतं. आणि वनरक्षक हद्दूच्याही असावं. महिनाभर तो मांडवावरून जाई, सलाम करी आणि चहा विचारला की पोट बिघडलंय म्हणून पुढे सटके.

तो आला. कमरेला कोयता, टोपी हातात.

"बस, हद्दूभाऊ."

"बसायला नाही आलो, तूदा."

"उभ्याने घे मग."

"पोट जरा..."

"महिनाभर बिघडलेलं पोट?" बतूल म्हणाल्या. "डॉक्टरला दाखव बाबा. नाहीतर बायकोला विचार, काय खायला घालते."

हद्दूच्या मिशीखाली हसू आलं आणि तिथेच विझलं.

तूदाने किटली उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी पेला भरला, पण पुढे करायला हात होईना. तो ईझानेच उचलला. ओंजळीत धरून, निम्मा सांडत, ती हद्दूसमोर जाऊन उभी राहिली.

"गरम आहे. फुंकून प्या."

हद्दूने पोरीकडे पाहिलं, मग तूदाकडे. ती शालीचा काठ बोटाला गुंडाळत होती. तो खाली बसला. एक पेला घेतला. दुसरा घेतला. पाहुण्याने घ्यावा तसा तिसराही सावकाश संपवला. तूदाने बोटाला गुंडाळलेला शालीचा काठ सोडला.

"अल्ला बरकत देवो," म्हणत तो उठला. कमरेचा कोयता काढून त्याने गवतात ठेवला आणि कोपऱ्यातल्या खांबाची गाठ नखांनी सोडवू लागला.

तूदा बघतच राहिली.

"उद्या ट्रकवाले येतील," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "ते कापतात आणि जाळून टाकतात. दोर, बोरू, चटया, सगळं आज तुझ्या दारात पोचवतो. एक काडी मोडणार नाही."

दुसरी गाठ सुटली. छप्पर कललं, चटईवर ऊन पडलं. बतूलनी पाय आवरून घेतले. खांब पडू नये म्हणून तूदाने तो दोन्ही हातांनी धरला, आणि आपण हद्दूला मदतच करतोय हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

ईझा तिच्या झग्याला बिलगली.

"यम्मा, त्यांनी आपला चहा घेतला ना? मग ते आता आपल्या बाजूचे, की ट्रकवाल्यांच्या?"